गोदा-मांजरेच्या माळांवरील गवत

इ. स. १७६० च्या फेब्रुवारी महिन्यांत उदगीरच्या मोहिमेंत सदाशिवरावभाऊंनीं निजामाच्या सैन्याचा पराभव केला, ही हकीकत शाळेंतल्या मुलांनाही ठाऊक असते. तहांत साठ लाखांचा मुलूख मिळाला, कोणकोणते किल्ले हातीं आले, आणि पुढें वर्षाच्या आंतच पानपतावर कसा घात झाला, याचीं वर्णनें विस्तारानें लिहिलेलीं आढळतात. परंतु त्या मोहिमेंत दोन्ही बाजूंचे हजारों घोडे आणि तोफा ओढणारे बैल त्या मुलखांत फिरत होते, त्यांच्या पोटांत काय गेलें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. उत्तर साधें आहे. बालाघाटाच्या पठारावर, म्हणजे हल्लींच्या लातूर व नांदेड या जिल्ह्यांच्या माळांवर, पावसाळा संपल्यावर वाळून उभें राहणारें गवत हाच त्या काळच्या फौजांचा मुख्य चारा होता. फौजा निघून गेल्यावर तेंच गवत शेतकऱ्याचे बैल, धनगराच्या मेंढ्या आणि बंजाऱ्याचे तांडे पोशीत राहिलें. या गवताचाही एक इतिहास आहे. तो पावसाचा आणि नत्र नांवाच्या एका मूलद्रव्याचा इतिहास आहे, आणि तो समजून घेतल्यावांचून मराठवाड्याच्या दुष्काळाचें एक अंग कळत नाहीं.

नांदेड जिल्ह्यांतून गोदावरी वाहते. लातूर जिल्ह्याचें पाणी बहुतांशीं मांजरा व तेरणा या नद्या गोळा करतात, आणि मांजरा शेवटीं गोदावरीलाच मिळते. खोऱ्यांत काळी, खोल, ओल धरून ठेवणारी जमीन आहे. तेथें ज्वारी, कापूस, तूर आणि अलीकडे सोयाबीन हीं पिकें येतात. पठारावर चढूं लागावें तों काळी माती पातळ होत जाते आणि खालचा मुरूम उघडा पडतो. उदगीरकडे तांबडी जांभ्याची जमीन लागते. बिलोली-देगलूरकडे ग्रॅनाइटचे खडक डोकें वर काढतात. लातुरास वर्षाकाठीं सरासरीनें साडेसातशें ते आठशें मिलिमीटर पाऊस पडतो, नांदेडास नऊशेंच्या आसपास. सरासरीचा हा आंकडा कागदावर बरा दिसतो. पण तो बहुतेक सारा पाऊस चार महिन्यांत, त्यांतही मोजक्याच दिवसांत पडतो, आणि एखाद्या वर्षीं निम्म्यावर येतो. किनवटच्या बाजूचें सागाचें रान सोडलें, तर अशा हवेंत दाट अरण्य उभें राहणें कठीण. गवत, कांटेरी झुडपें आणि मधून मधून एखादा हिंवर, एखादी बाभूळ किंवा एखादा पळस, असाच देखावा तेथें असतो. लोकांनीं यास माळ म्हटलें. सरकारी दफ्तरांनीं पडीक म्हटलें. या दोन नांवांतील अंतरांतूनच पुढचा बराचसा अनर्थ उद्भवला आहे.

हे माळ म्हणजे पूर्वींच्या अरण्यांचे उजाड अवशेष होत, माणसानें झाडें तोडलीं म्हणून तेथें गवत माजलें, असें मत इंग्रजी अमदानींतील वनाधिकाऱ्यांनीं रूढ केलें, आणि तें अद्यापि पुष्कळांच्या मनांत घर करून आहे. गोदावरीनें मात्र वेगळी साक्ष दिली आहे. नदी दरवर्षीं आपल्या खोऱ्यांतील माती आणि तिच्याबरोबर पानांवरील मेणाचा सूक्ष्म अंश बंगालच्या उपसागरांत नेऊन टाकते. हें मेण समुद्राच्या चिखलांत हजारों वर्षें टिकतें. झाडें हवेंतील कार्बन एका रीतीनें घेतात, तर उष्ण प्रदेशांतील बहुतेक गवतें तो दुसऱ्या रीतीनें घेतात. या दुसऱ्या रीतींत पाणी आणि नत्र दोन्हीं कमी लागतात. या दोन रीतींमुळें दोघांच्या मेणांतील हलक्या व जड कार्बनचें प्रमाण निरनिराळें असतें. २००६ सालीं गोदावरीच्या मुखासमोर समुद्रतळांतून काढलेल्या गाळाची अशी परीक्षा अमेरिकेंतील वुड्स होल येथील समुद्रशास्त्रज्ञांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केली आणि आपले निष्कर्ष २०१२ सालीं प्रसिद्ध केले. सुमारे चार हजार वर्षांपूर्वींपासून सतराशें वर्षांपूर्वींपर्यंत गोदावरीच्या खोऱ्यांत कोरड्या हवेस सरावलेल्या वनस्पतींचें प्रमाण क्रमाक्रमानें वाढत गेलें, आणि त्यानंतर तें टिकून राहिलें, असें त्यांस आढळलें. हा सबंध खोऱ्याचा एकत्रित हिशेब आहे. तथापि त्यावरून इतकें निश्चित दिसतें कीं, सातवाहनांची सत्ता मावळली त्या सुमारास या खोऱ्यांत गवताचें राज्य स्थिर झालेलें होतें.

दुसरी साक्ष बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार सरोवराची आहे. त्याच्या तळाच्या गाळावरून २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत पावसाच्या ओढीचे दोन दीर्घ काळ दिसून आले: एक सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वींचा, आणि दुसरा सुमारे २००० ते ६०० वर्षांपूर्वींचा. तिसरी साक्ष आपल्या वाङ्मयाची आहे. आशीष नेर्लेकर व दिग्विजय पाटील यांनीं पश्चिम महाराष्ट्रापुरता जुन्या मराठी ग्रंथांतील, आख्यायिकांतील व ओव्यांतील वनस्पतींच्या उल्लेखांचा शोध घेऊन २०२५ सालीं तो प्रसिद्ध केला. शेंकडों वर्षांपूर्वींच्या त्या उल्लेखांतही दाट अरण्यांतल्या वृक्षांपेक्षां माळावरच्या कांटेरी झाडांचा व गवतांचा भरणा अधिक आहे. माणसाच्या कुऱ्हाडीनें, वणव्यानें व गुरांच्या कळपांनीं माळाच्या विस्तारांत भर घातली असेल. परंतु माळाचें मूळ पावसाच्या स्वभावांत आहे, आणि त्याचें वय आपल्या भाषेच्या वयाहून पुष्कळच अधिक आहे.

इतक्या दीर्घ काळांत या माळानें काय साधलें, हें पाहावयाचें तर तेथें श्रावण-भाद्रपदांत जावें. ज्येष्ठांत जेथें काळपट काड्यांखेरीज कांहीं दिसत नव्हतें, तेथें पावलागणिक निराळी वनस्पति उगवलेली असते. १९५४ ते १९६२ या काळांत भारतांतील गवताळ प्रदेशांची जी पाहणी झाली, तिच्या आधारें दाबडघाव व शंकरनारायण यांनीं १९७३ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत द्वीपकल्पाचा बहुतेक भाग त्यांनीं सेहिमा व डायकँथियम या गवतांच्या वर्गांत घातला आहे. या परकीय नांवांनीं बिचकण्याचें कारण नाहीं. डायकँथियम म्हणजे शेतकऱ्याचें मारवेल, आणि सेहिमा म्हणजे त्याचें पवना व शेडा. मारवेल सखल, ओलसर जागा पसंत करतें. पवना व शेडा मुरमावर तग धरतात. उताराच्या हलक्या जमिनींत कुसळी असते. तिच्या बियांस लांब, पिळाची शेपटी असते. ती ओलीनें उलगडते आणि वाळल्यावर पुन्हां पीळ घेते, व या हालचालीनें बीं जमिनींत आपोआप रुततें. मेंढ्यांच्या तोंडाला व लोकरीला ही कुसळें बोंचतात म्हणून धनगर तिच्यावर रुष्ट असतो. पण कोंवळेपणीं तीच कुसळी गुरें आवडीनें खातात. कोठें सुवासिक तेलाचें तिखाडी गवत, कोठें हरळी, कोठें लव्हाळा. त्यांच्या मधून रानमूग, उन्हाळी म्हणजे शरपुंखा, रानमेथी, बरबडा अशा द्विदल वनस्पति. शिवाय केना, आभाळी, मुसळी, शतावरी. इतक्या जाति एका लहानशा तुकड्यांत एकमेकींस न मारतां कशा राहतात, हा या विषयांतला मुख्य प्रश्न होय.

त्याचें उत्तर माळाच्या गरिबींत आहे. ही गरिबी मुख्यतः नत्राची. नत्रवायु हा हवेचा सुमारे ७८ टक्के भाग आहे. डॅनियल रदरफोर्ड या स्कॉटिश शास्त्रज्ञानें १७७२ सालीं तो वेगळा ओळखला. पानांचा हिरवेपणा, बियांतील पौष्टिक अंश, गाईचें दूध या सर्वांस नत्र लागतें. परंतु हवेंतील नत्र वनस्पतींस जसेंच्या तसें घेतां येत नाहीं. विजेच्या लखलखाटांत त्याचा थोडा भाग पाण्यांत विरघळेल अशा रूपास येतो आणि पावसाबरोबर खालीं उतरतो. याहून मोठा वांटा सूक्ष्म जंतूंचा असतो. द्विदल वनस्पतींच्या मुळांवरील गांठींत राहणारे जंतु हवेंतलें नत्र बांधून देतात, हें हेलरीगेल व विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनीं १८८६ सालीं दाखविलें. माळावरचा रानमूग आणि उन्हाळी हें काम फुकट करीत असतात. तरीही मिळकत थोडीच. मराठवाड्याच्या जमिनींत सेंद्रिय अंश व नत्र हे एकंदरीनें कमीच आहेत, आणि माळाच्या पातळ मातींत ते त्याहूनही कमी.

हें थोडकें धन कसें सांठवलें जातें तेंही पाहण्यासारखें आहे. काशी हिंदु विश्वविद्यालयांतील जे. एस. सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं विंध्य प्रदेशांतील कोरडीं रानें व माळ तपासून १९८९ सालीं असें दाखविलें कीं, मातींतील जंतूंच्या देहांत नत्राचा व स्फुरदाचा सांठा उन्हाळ्यांत सर्वांत अधिक असतो आणि पावसाळ्यांत सर्वांत कमी. म्हणजे हे जंतु माळाचे कोठावळे होत. झाडोरा वाळलेला असतां ते धन आपल्यापाशीं राखतात, आणि मृगाचा पाऊस पडतांच तें मुळांच्या हवालीं करतात. कोरडी माती भिजतांच तिच्यांतून नत्र एकदम मोकळें होतें, ही गोष्ट पूर्व आफ्रिकेंत बर्च या संशोधकानेंही १९५८ सालीं तपशिलानें मांडली होती. यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. माळावर नत्र आणि पाऊस हे दोन निराळे विषय नाहींतच. पाऊस केव्हां व किती पडला यावर नत्र कोणास मिळणार हें ठरतें. पहिल्या सरीचें नत्र उथळ मुळांच्या वर्षायु वनस्पति उचलतात. मागून झिरपणारें खोल मुळांचीं बारमाही गवतें घेतात. जेथें नत्र अगदींच नाहीं तेथें द्विदल वनस्पति आपलें आपण मिळवितात. कोणासही एकट्यानें माजतां येईल इतका सांठा नसतो, म्हणून सर्वांस जागा मिळते.

जुन्या काळच्या शेतकऱ्यानें हें शास्त्र पुस्तकांतून वाचलेलें नव्हतें. पण त्याचा सारा संसार त्यावर उभा होता. दिवसा गुरें माळावर चरत आणि रात्रीं गोठ्यांत बांधलीं जात. त्यांचें शेण उकिरड्यांत कुजून शेतांत जाई. धनगरांचे कळप ज्वारी-तुरीच्या रिकाम्या शेतांत रात्रभर बसवीत, आणि त्याबद्दल धनगरास धान्य मिळे. याचा अर्थ असा कीं, माळावरचें नत्र जनावरांच्या पोटांतून रोज थोडें थोडें शेताकडे वाहत होतें. माळ गरीब राहत होता, शेत पिकत होतें. या व्यवस्थेंतूनच या भागाचीं दोन नांवाजलेलीं गोकुळें निर्माण झालीं. कंधार-लोहा-मुखेडकडील लाल कंधारी बैल उन्हांत, थोड्या चाऱ्यावर दिवसभर नांगर ओढतो. देवणी-उदगीरकडील देवणी गाय दूधही देते आणि तिचे गोऱ्हेही कामाला दणकट असतात. अंगावरील काळ्या-पांढऱ्या रंगांवरून तिचे वानेरा, बालंक्या व शेवरा असे तीन प्रकार लोक ओळखतात. लोहा तालुक्यांतील माळेगांव येथें मार्गशीर्षांत खंडोबाची जी यात्रा भरते, तिच्या जनावरांच्या बाजाराची कीर्ति दूरवर पसरलेली आहे. या साऱ्या वैभवाच्या मुळाशीं पवना, मारवेल आणि कुसळी यांचें गवत होतें.

त्याच माळावर जादा नत्राचा प्रयोगही न करतां घडत असे. दुपारीं गुरें ज्या झाडाखालीं विसावतात त्या गोठणीच्या जागीं शेणमूत सांचतें. तेथें शेडा किंवा रानमूग शोधून सांपडत नाहीं; टाकळा, आघाडा, माठ आणि हरळी यांनीं जागा व्यापलेली असते. जें गुराख्याच्या नजरेस रोज पडत होतें, तेंच इंग्लंडांत मोजून-मापून सिद्ध झालें. रोदॅमस्टेड येथील कुरणांत जॉन लॉझ व जोसेफ गिल्बर्ट यांनीं १८५६ सालीं एक प्रयोग सुरू केला. कांहीं तुकड्यांस कांहींच खत घालावयाचें नाहीं, कांहींस निरनिराळीं खतें दरवर्षीं घालावयाचीं, आणि कापलेलें गवत तोलून पाहावयाचें. हा प्रयोग अद्यापि चालू आहे. ज्या तुकड्यांस कांहींच मिळालें नाहीं, त्यांत आजही चाळीसच्या आसपास जाति नांदतात. ज्यांस अमोनियम सल्फेट भरपूर मिळालें आणि चुना मिळाला नाहीं, त्यांत दोन-तीनच जाति उरल्या. तेथें जमीन आंबट झाली हेंही एक कारण आहे. पण जेथें ती तशी झाली नाहीं तेथेंही जादा नत्रानें जाति घटल्याच. कारण उघड आहे. नत्र मुबलक झालें म्हणजे उंच, झपाट्यानें वाढणारीं एक-दोन गवतें वर येतात, खालच्यांचा उजेड अडवितात आणि लहान वनस्पति त्यांच्या सावलींत मरतात. द्विदल वनस्पतींची तर मिरासच जाते. नत्र सर्वांस आयतें मिळूं लागल्यावर त्यांच्या कष्टास मोल उरत नाहीं.

नत्र मुद्दाम घालावेंच लागतें असेंही नाहीं. कारखान्यांचा धूर, मोटारींचा वायु आणि शेतांतून उडणारा अमोनिया यांतून तें हवेंत जातें व पावसाबरोबर पुन्हां खालीं येतें. ब्रिटनमधील ६८ ठिकाणच्या गवताळ जागा तपासून कार्ली स्टीव्हन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००४ सालीं असें दाखविलें कीं, हवेंतून हेक्टरीं वर्षाला अडीच किलो नत्र अधिक पडलें कीं चार चौरस मीटरांच्या चौकोनांतील सरासरी एक जाति कमी होते. काशीच्या संशोधकांस आपल्याकडील कोरड्या प्रदेशांत थोडा फरक आढळला: नत्र माफक दिलें असतां जाति कांहींशा वाढल्या, आणि प्रमाण आणखी वाढवितांच त्या घटल्या. नत्राला शत्रु मानण्याचें कारण नाहीं, हें यावरून स्पष्ट होतें. प्रश्न मर्यादेचा आहे.

ती मर्यादा विसाव्या शतकांत मोडली. फ्रिट्झ हाबर यानें १९०९ सालीं हवेंतील नत्रापासून अमोनिया तयार करून दाखविला, आणि १९१३ सालीं कार्ल बॉश याच्या खटपटीनें जर्मनींत ओप्पाऊ येथें त्याचा कारखाना सुरू झाला. भारतांत सिंद्रीचा खताचा कारखाना १९५१ सालीं चालू झाला. पुढें संकरित वाणांबरोबर युरियाचीं पोतीं मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून पोंचलीं. या खतानें कोट्यवधि लोकांच्या मुखीं घांस घातला, हें नाकारणें कृतघ्नपणा होईल. परंतु त्याबरोबर माळ आणि शेत यांचा जुना संबंध तुटला. शेताला माळाच्या शेणाची गरज राहिली नाहीं; बैलाची जागा ट्रॅक्टरानें घेतली; ज्या माळावाचून शेत चालत नसे, तो माळ निरुपयोगी वाटूं लागला. काळी जमीन अल्कधर्मी असल्यामुळें तिच्यावर पसरलेल्या युरियाचा कांहीं भाग अमोनिया होऊन हवेंत उडतो आणि आसपास कोठें तरी उतरतो. कांहीं भाग पाण्याबरोबर वाहून बांधांच्या व ओढ्यांच्या कडेला सांचतो. अशा पोसलेल्या, उकरलेल्या जागांचा वारस त्याच सुमारास परदेशांतून आला. गाजर गवत, ज्यास लोक काँग्रेस गवत म्हणतात, तें पुण्यास १९५५ सालीं प्रथम नजरेस आलें आणि तेथून देशभर पसरलें. त्यास गुरें तोंड लावीत नाहींत, माणसाच्या कातडीस त्यानें खाज सुटते, आणि पावसाची एक चांगली सर पडतांच तें जुन्या गवतांच्या आधीं जमीन बळकावतें.

आतां कोणी विचारील कीं, वीस जातींच्या जागीं दोन उरल्या तर बिघडलें काय? चारा तर तेवढाच, किंबहुना अधिक मिळतो. या प्रश्नाचें उत्तर अमेरिकेंतील मिनेसोटा संस्थानांत एका दुष्काळानें दिलें. सीडर क्रीक येथें डेव्हिड टिलमन यांनीं १९८२ सालीं गवताच्या तुकड्यांवर नत्राचे प्रयोग आरंभिले होते. जादा नत्राच्या तुकड्यांत जाति घटल्या, तरी गवत मात्र जोरांत होतें. मग १९८७-८८ सालीं तेथें भयंकर अवर्षण पडलें. टिलमन व डाउनिंग यांनीं १९९४ सालीं त्याचा हिशेब प्रसिद्ध केला. ज्या तुकड्यांत जाति पुष्कळ होत्या त्यांचें उत्पन्न सुमारे निम्म्यावर आलें. ज्यांत थोड्या होत्या त्यांचें त्याहून कितीतरी पटींनीं खालीं गेलें, आणि पाऊस पुन्हां आल्यावरही त्यांस सांवरण्यास अधिक वर्षें लागलीं. अनेक जातींपैकीं कांहीं तरी कोरड्या वर्षासाठींच जणूं राखून ठेवलेल्या असतात. सुकाळांत त्या किरकोळ वाटतात. दुष्काळांत त्याच चारा देतात. जातींची विपुलता हा माळाचा विमा आहे, आणि जादा नत्र तो विमा गुपचुप मोडून टाकतें.

मराठवाड्यास या विम्याची जरूर इतरांहून अधिक आहे. १९७२ च्या दुष्काळांत येथील गुरें चाऱ्यावांचून तडफडलीं, ती आठवण अजून घराघरांत आहे. २०१६ च्या एप्रिल महिन्यांत मिरजेहून लातुरास पिण्याचें पाणी आगगाडीनें आणावें लागलें. १२ एप्रिलास पहिली गाडी पांच लाख लिटर पाणी घेऊन पोंचली. आणि त्याच वर्षीं, पावसाळ्याच्या अखेरीस, कोरडें पडलेलें मांजरा धरण भरून वाहिलें. २०२५ च्या ऑगस्टांत मुखेड तालुक्यांत अतिवृष्टीनें गांवें पाण्याखालीं गेलीं. हे केवळ योगायोग म्हणून सोडून देतां येत नाहींत. मध्य भारतांत १९५१ ते २००० या काळांत मुसळधार पावसाचे प्रसंग वाढले आणि मध्यम पावसाचे घटले, असें गोस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००६ सालीं दाखविलें. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेंतील रॉक्सी मॅथ्यू कोल व सहकाऱ्यांच्या २०१७ च्या संशोधनानें त्यास दुजोरा मिळाला. मुसळधार पाऊस माळाची पातळ माती आणि तिच्यांतलें मोकळें झालेलें नत्र धुऊन नेतो; त्यामागून येणारी लांबलचक उघडीप उथळ मुळांस जाळते. असें हवामान सोसण्यास खोल मुळांचीं बारमाही गवतें, झटपट बीं धरणाऱ्या वर्षायु वनस्पति आणि नत्र बांधणाऱ्या द्विदल वनस्पति हीं तिन्ही एके ठिकाणीं हवींत. नेमका तोच मेळ मोडत चालला आहे.

त्याचें कारण एकट्या खतांत नाहीं. जमिनीच्या इतिहासांत तें अधिक आहे. निजामी अमदानींत गांवच्या गुरांसाठीं राखलेली जमीन असे, तिला गायरान म्हणत. १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद लोहमार्ग नांदेडावरून गेला आणि १९११ सालीं बार्शी लाइट रेल्वे लातुरास पोंचली. बाजार जवळ आल्यावर माळाच्या कडेची हलकी जमीनही नांगराखालीं येऊं लागली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत ‘अधिक धान्य पिकवा’ या मोहिमेनें त्यास उत्तेजन दिलें. पुढें १९४८ सालीं संस्थान भारतांत आलें, पण ज्यांच्या नांवावर एक गुंठाही नव्हता अशा दलित व भूमिहीन कुटुंबांची भूक शमली नाहीं. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखालीं १९५९ व १९६४ सालीं भूमिहीनांचे मोठे सत्याग्रह झाले. मराठवाड्यांत अनेकांनीं मार खाऊन, बहिष्कार सोसून गायरानाचे तुकडे कसले, आणि १४ एप्रिल १९९० पूर्वींचीं अशीं अतिक्रमणें नियमित करण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारनें १९९१ सालीं घेतला. त्या मागणीचा न्याय्यपणा नाकारतां येणार नाहीं. ज्यांनीं शेंकडों एकर आपल्याकडे ठेवून गांवच्या तळागाळास गायरानाकडे बोट दाखविलें, त्यांचा वांटा या हानींत मोठा आहे. दुसरीकडे, गायरान हेंच भूमिहीनाच्या शेळीचें व एकुलत्या गाईचेंही कुरण होतें. तें गेल्यावर उरलेल्या तुकड्यांवर साऱ्या गांवाचीं जनावरें कोंडलीं गेलीं. चराईचा भार वाढला म्हणजे पवना, शेडा आणि मारवेल हीं गोड गवतें आधीं जातात, मग कुसळी वाढते, आणि शेवटीं गुरें तोंड लावीत नाहींत अशीं निःसत्त्व गवतें उरतात, हा क्रम संशोधकांनीं नोंदविलेला आहे.

‘पडीक’ या शब्दानें उरलेली हानि केली. १९८५ सालीं राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झालें, आणि माळ म्हणजे झाडें लावून सुधारण्याची जागा अशी समजूत देशभर दृढ झाली. जेथें चार हजार वर्षें गवत नांदलें, तेथें खड्डे खणून निलगिरी व गिरिपुष्प लावण्यांत आलें. खड्डा खणतांना बारमाही गवताचीं ठोंबें उपटलीं जातात. गिरिपुष्प स्वतः द्विदल असल्यामुळें त्याच्या पानांतून जमिनींत नत्राची भर पडते, आणि सावलीही वाढते. उन्हाळ्यांत हिरवळ दिसते खरी, पण श्रावणांतील माळ तेथें पुन्हां दिसत नाहीं.

उपाय फार खर्चाचे नाहींत. अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार या गांवानें मोकाट चराई बंद करून गवत विळ्यानें कापून नेण्याचा नियम केला, आणि दुष्काळी मुलखांत चारा वाढवून दाखविला. आश्विनांत गवतानें बीं टाकल्यावर कापणी करणें, माळाचे भाग पाडून आळीपाळीनें विश्रांति देणें, माळाच्या कडेस खताचे ढीग न घालणें, गाजर गवत फुलण्यापूर्वीं उपटणें, आणि झाडें लावावयाचीं तर बांधावर व ओढ्याकांठीं लावणें, एवढ्यानेंही पुष्कळ साधेल. गायरानावर ज्यांचें पोट आहे त्यांस प्रथम विचारून हे नियम ठरले पाहिजेत. नाहीं तर नियम कागदावर राहतील. शहरांतील सुशिक्षित कुटुंबांचाही येथें कांहीं भाग आहे. वृक्षारोपणाच्या वर्गणीचा उपयोग एखादा जिवंत माळ खणण्याकडे होत नाहीं ना, एवढी चौकशी त्यांनीं केली तरी बरेंच होईल.

गोदावरीच्या गाळांतील मेण सांगतें कीं, मराठवाड्यानें याहून दीर्घ अवर्षणें पाहिलीं आहेत आणि तीं गवताच्या आधारानें सोसलीं आहेत. येणाऱ्या काळांत पाऊस अधिक लहरी होईल असें जाणते सांगतात. त्या पावसाशीं कसें वागावें याचें ज्ञान पुष्कळ जातींच्या बियांत आणि मुळांत सांठविलेलें आहे, आणि तें जेथें शिल्लक आहे त्या जागेस दफ्तरांत अजून पडीक असेंच नांव आहे. तें नांव बदलून तेथें ‘कुरण’ असें लिहिलें जावें, ही या सुधारणेची पहिली पायरी होय.